जाळीचें नांव आणि जाळीचें छिद्र

मराठी घरांत एकाच जातीच्या कामासाठीं दोन निरनिराळीं क्रियापदें आहेत. पदार्थ कोरडा असेल तर तो चाळावयाचा आणि पातळ असेल तर तो गाळावयाचा. पीठ चाळतात, चहा गाळतात. याच्या उलट बोलणारा माणूस मराठी घरांत सांपडावयाचा नाहीं. वैद्यांचें चूर्ण कोरडें असूनहि तें मात्र 'वस्त्रगाळ' म्हटलें जातें. कापडांतून पार होणें इतकें सूक्ष्म असतें कीं, तेथें चाळण्याची खडबडीत क्रिया भाषेला पुरेशी वाटली नसावी. चाळण्यांचीं नांवेंहि पाहण्याजोगीं आहेत. रव्याची चाळण, पिठाची चाळण, मैद्याची चाळण. या चाळणींत एका इंचांत किती तारा आहेत, हें कोणतीहि गृहिणी विचारीत नाहीं. तींतून काय खालीं पडेल आणि काय वर राहील, एवढें तिला कळलें म्हणजे झालें. आणि चाळणीच्या नांवांतच तें सांगितलेलें असतें.

कारखान्यांतहि हीच दोन कामें चालतात. सिमेंट, रंग, औषधें, मैदा हे पदार्थ चाळावे लागतात. उंसाचा रस, तेल, रसायनें, पिण्याचें पाणी हे गाळावे लागतात. परंतु तेथें जाळीचें नांव कामावरून पडत नाहीं. तें संख्येवरून पडतें. 'तीस नंबरची जाळी', 'दोनशें मेश', 'चोवीस गुणिले एकशें दहा' अशी ती भाषा आहे. ही भाषा वरवर पाहतां फार काटेकोर वाटते. परंतु तिच्यांतील संख्या जें मोजते, तें आणि ऐकणारा जें समजतो तें, हीं पुष्कळदां दोन वेगळीं असतात. ही फसगत कधीं थोड्या पैशांची असते, तर कधीं ती जिवावर बेतते. ती कशी होते हें समजण्यासाठीं जाळी विणतात कशी, येथून आरंभ करणें अगत्याचें आहे.

तारेचें कापड मागावरच विणलें जातें. लुगड्याच्या मागावर जसा उभा ताणा आणि आडवा बाणा असतो, तसाच तो येथेंहि असतो. ताण्याच्या तारा सारख्या अंतरावर ठेवणारी फणी असते आणि बाणा ठोकून बसविण्याची क्रियाहि असते. सुती कापडाच्या गिरणींत बाण्याला 'वेफ्ट' म्हणतात. तारेच्या धंद्यांत इंग्रजींत त्यालाच 'शूट' असें दुसरें नांव आहे. सूत आणि तार यांत मुख्य भेद हा कीं, सूत दबतें, पसरतें आणि घसरतें. तार एकदां वांकली म्हणजे तो वांक धरून ठेवते. या वांकामुळें उभ्या आणि आडव्या तारा एकमेकींस जखडून राहतात व त्यांच्यामधील छिद्र चौकोनी आणि पक्कें राहतें. एक तार वर आणि एक खालीं अशी आळीपाळीनें घातलेली वीण ती साधी वीण. तार जाड आणि छिद्र लहान असें पाहिजे असेल, तर तारेला इतक्या थोड्या जागेंत इतका वांक सोसत नाहीं; अशा वेळीं ती दोन तारांवरून आणि दोन तारांखालून नेतात. ही तिरप्या रेघांची वीण. तिला 'ट्विल' म्हणतात, आणि हेंच नांव कापडाच्या दुकानांतहि ऐकूं येतें.

आतां 'मेश' या शब्दाकडे वळावें. एका तारेच्या मध्यापासून मोजावयास सुरुवात करून सरळ रेषेंत एक इंच जावें आणि त्यांत किती छिद्रें आलीं तें मोजावें. ती संख्या म्हणजे मेश. दहा छिद्रें आलीं तर दहा मेश, शंभर आलीं तर शंभर मेश. व्याख्या इतकी सोपी आहे कीं, तिच्यांत कांहीं राहून गेलें आहे असा संशयहि येत नाहीं. परंतु एका इंचांत छिद्रें आहेत तशा ताराहि आहेत. तो इंच दोघींना वांटून घ्यावा लागतो. तार जाड असेल तर छिद्राच्या वांट्याला थोडें येतें. तार बारीक असेल तर अधिक येतें. म्हणून गणिताचा नियम असा कीं, इंचाला मेशसंख्येनें भागावें, जें उत्तर येईल त्यांतून तारेची जाडी वजा करावी आणि उरेल तें छिद्र. मेश हें छिद्राचें माप नव्हे. तें केवळ छिद्रांची मोजदाद आहे. या एका वाक्यांत या विषयाचें सार आलें.

या मोजदादीवर माणसांचे प्राण अवलंबून होते असें एक उदाहरण इतिहासांत आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांत फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत २५ मे १८१२ रोजीं स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मृत्यु पावलीं. खाणींत सांठणारा ज्वालाग्राही वायु उघड्या दिव्याच्या ज्योतीनें पेट घेई. आणि दिव्यावांचून तर कोळसा खणतां येत नव्हता. हा पेंच सोडविण्याचें काम सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञानें १८१५ सालीं हातीं घेतलें. त्यानें ज्योतीभोंवतीं तारेच्या बारीक जाळीचें नळकांडें बसविलें. ज्योत जाळीच्या छिद्रांतून बाहेर पडूं लागली कीं, धातूची तार तिची उष्णता ओढून घेते, ज्योत थंड पडते आणि बाहेरचा वायु पेटत नाहीं. हवा मात्र आंतबाहेर करूं शकते आणि उजेडहि बाहेर पडतो. जानेवारी १८१६ मध्यें हेबर्न येथील खाणींत या दिव्याची परीक्षा झाली आणि तो उतरला. डेव्हीनें त्याचें पेटंट घेतलें नाहीं.

डेव्हीच्या जाळीचें वर्णन दोन प्रकारें करीत असत. एका इंचांत २८ छिद्रें, हें एक. आणि एका चौरस इंचांत ७८४ छिद्रें, हें दुसरें. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस केलें कीं ७८४ येतात. म्हणजे दोन्ही वर्णनें एकाच जाळीचीं आहेत. परंतु ज्याला केवळ आंकडाच सांगितला, त्याला २८ ची जाळी आणि ७८४ ची जाळी यांत जमीनअस्मानाचें अंतर वाटेल. याहून महत्त्वाची गोष्ट तारेची. या जाळीसाठीं तार इंचाच्या चाळिसाव्या भागापासून साठाव्या भागापर्यंत जाड असावी असें सांगितलेलें होतें. २८ मेशच्या जाळींत तार इंचाच्या चाळिसाव्या भागाइतकी घेतली, तर छिद्र सुमारें ०.२७ मिलिमीटर राहतें; साठाव्या भागाइतकी घेतली, तर तें ०.४८ मिलिमीटर होतें. मेश तीच, आणि छिद्र पाऊणेदोन पटींहून मोठें! तारेची मर्यादा घालून दिली नसती, तर कोणीहि याहून बारीक तारेची स्वस्त जाळी २८ मेश म्हणूनच विकली असती, आणि ती लावणाऱ्याला आपला दिवा किती दुबळा झाला आहे हें खाणींत उतरल्यावरच कळलें असतें. पुढें असेंहि दिसून आलें कीं, हवेचा झोत जोराचा असेल तर चांगल्या जाळींतूनहि ज्योत पार होते, आणि गंजून एक जरी छिद्र मोठें झालें तरी बाकीचीं सारीं छिद्रें व्यर्थ ठरतात. जाळीची शक्ति तिच्या सर्वांत मोठ्या छिद्राइतकीच असते.

लांबीचा इंच आणि चौरस इंच यांचा हा घोंटाळा दोनशें वर्षांपूर्वींचा असला, तरी तो संपलेला नाहीं. तो शहरांतील घरांतहि शिरलेला आहे. खिडकीला लावण्याची डासांची तारेची जाळी पुष्कळदां १६ मेशची असते. मच्छरदाणीच्या कापडावर मात्र १५६ मेश असें लिहिलेलें आढळतें. वाचणारा सहज समजतो कीं, मच्छरदाणी खिडकीच्या जाळीच्या दसपट बारीक आहे. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. खिडकीच्या जाळीची मोजणी लांबीच्या इंचांत आहे, मच्छरदाणीची चौरस इंचांत. १६ मेशच्या जाळींत चौरस इंचाला २५६ छिद्रें येतात आणि मच्छरदाणींत १५६. म्हणजे जिचा आंकडा मोठा तीच विरळ निघाली.

तारेच्या जाडीचीहि स्वतंत्र परिभाषा आहे, आणि तीहि नवख्याला उलट्या दिशेनें नेते. ब्रिटनमध्यें १८८४ सालापासून तारेच्या जाडीचे क्रमांक कायद्यानें ठरविले गेले. त्यांना 'स्टँडर्ड वायर गेज' म्हणतात. हिंदुस्थानच्या बाजारांतहि तेच रूढ झाले. या गेजेंत १६ नंबरची तार १.६ मिलिमीटर जाड, तर ३० नंबरची तार अवघी ०.३१ मिलिमीटर जाड असते. संख्या वाढली म्हणजे तार बारीक. तार ओढण्याच्या पद्धतींत याचें मूळ आहे. पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान छिद्रांतून तार ओढीत नेतात. जितक्या अधिक वेळां ती ओढली, तितकी ती बारीक होते. आतां '३० मेश, ३० गेज' आणि '३० मेश, ३४ गेज' अशा दोन जाळ्या शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर पहिलीचें छिद्र सुमारें ०.५३ मिलिमीटर आणि दुसरीचें ०.६१ मिलिमीटर भरतें. गेज न विचारतां केवळ '३० ची जाळी' मागणाऱ्याच्या हातीं यांपैकीं कोणती पडेल, हें दुकानदाराच्या सांठ्यावर अवलंबून राहील. दुसरी जाळी हलकी असते, तींत मोकळी जागा अधिक असल्यानें पदार्थ लवकर चाळला जातो. परंतु ती लवकर फाटते. पहिली टिकाऊ, पण मंद. जाळीच्या एकूण क्षेत्राशीं छिद्रांच्या क्षेत्राचें जें प्रमाण, त्याला 'मोकळें क्षेत्र' म्हणावें. टिकाऊपणा आणि मोकळें क्षेत्र यांचें वांकडें आहे. एक वाढविलें कीं दुसरें कमी होतें.

बारीक जाळ्यांत हा प्रश्न अधिकच नाजुक होतो. तेथें माप मिलिमीटरांत न सांगतां मायक्रॉनांत सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरच्या टायलर कंपनीनें १९१० सालीं प्रयोगशाळेंतील चाळण्यांची एक माला ठरविली. तिचा पाया २०० मेशची चाळणी हा होता. तींतील तार ५३ मायक्रॉन आणि छिद्र ७४ मायक्रॉन. तेथून वरच्या प्रत्येक चाळणीचें छिद्र दोनच्या वर्गमूळाच्या पटीनें वाढत जातें, म्हणजे छिद्राचें क्षेत्र दर पायरीस दुप्पट होतें. रचना सुंदर होती, आणि तिनें मेशसंख्येला निश्चित छिद्राशीं बांधून टाकलें. परंतु बाजारांत त्याच २०० मेशची जाळी सुमारें ४१ मायक्रॉन तारेचीहि मिळते. तिचें छिद्र ८६ मायक्रॉन असतें. प्रयोगशाळेंतील २०० आणि कारखान्यांतील २०० हीं सारखीं असतीलच असें नाहीं.

पुढें प्रत्येक देशानें आपापली माला केली. परिणाम असा झाला कीं, ३०० मायक्रॉन छिद्राच्या एकाच चाळणीला टायलरच्या मालेंत ४८, अमेरिकन प्रमाणांत ५० आणि ब्रिटिश प्रमाणांत ५२ असे तीन आंकडे मिळाले. एका माणसाचीं तीन गांवीं तीन नांवें असावींत तशी ही गोष्ट आहे. यावर उपाय एकच होता, आणि तो अखेर जगानें स्वीकारला: संख्या बाजूस ठेवून चाळणीला छिद्राच्याच मापानें ओळखावें. भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. १९८७ सालापासून तिचें काम भारतीय मानक ब्यूरोकडे आलें. चाळण्यांविषयींच्या भारतीय मानकांत आज छिद्र मिलिमीटरांत किंवा मायक्रॉनांत सांगितलेलें असतें. सिमेंटची बारीकी तपासणारा तंत्रज्ञ ९० मायक्रॉनची चाळणी मागतो. त्या चाळणीवर किती भुकटी उरली, यावरून सिमेंट पुरेसें दळलें गेलें आहे कीं नाहीं हें कळतें. जाड कण पाण्याशीं पुरते मिसळत नाहींत आणि बांधकामाला बळकटी आणीत नाहींत. चाळणीचें माप चुकलें, तर हलकें सिमेंटहि परीक्षेंत उत्तीर्ण होईल.

येथवर चौकोनी छिद्राचा विचार झाला. परंतु गाळण्याच्या कामासाठीं अशी एक वीण आहे कीं, तींतून उजेडाकडे पाहिलें तरी आरपार कांहीं दिसत नाहीं. तिला 'डच वीण' म्हणतात. तिच्यांत ताण्याच्या तारा जाड आणि विरळ असतात, बाण्याच्या तारा बारीक असून एकमेकींस खेटून ठोकलेल्या असतात. म्हणूनच तिचें नांव दोन संख्यांनीं सांगावें लागतें. २४ गुणिले ११० म्हणजे इंचाला ताण्याच्या २४ आणि बाण्याच्या ११० तारा. २०० गुणिले १४०० अशी अतिसूक्ष्म वीणहि असते. या कापडांत सरळ छिद्र नाहींच. द्रव पदार्थ तारांच्या फटींतून वळणें घेत तिरपा जातो. मग अशा कापडाचें छिद्र मोजावयाचें कसें? येथें परिभाषा आणखी एक पाऊल पुढें टाकते. छिद्र मोजण्याऐवजीं अडलेला कण मोजतात. ठराविक मापाचे कांचेचे बारीक मणी कापडावर सोडून त्यांतून पार झालेला मोठ्यांत मोठा मणी पाहतात. किंवा कापड द्रवांत भिजवून त्याच्या खालून हवेचा दाब वाढवीत नेतात आणि पहिला बुडबुडा कोणत्या दाबाला वर आला यावरून सर्वांत मोठी फट किती असेल हें गणितानें काढतात. कण मोजण्याच्या या भाषेंतहि दोन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद न समजल्यास पुन्हां फसगत होते. 'ॲब्सोल्यूट' माप म्हणजे ज्याहून मोठा गोल, कठीण कण पार होऊंच शकत नाहीं तें. 'नॉमिनल' माप म्हणजे त्या आकाराचे बहुतेक कण अडतात, एवढेंच. आणि 'बहुतेक' म्हणजे शेंकडा किती, हें करणाऱ्याच्या स्वतःच्या नियमावर असतें. दोन्हींच्या पुढें '१० मायक्रॉन' असेंच लिहिलेलें असलें, तरी पहिलें अभिवचन आहे आणि दुसरें अंदाज.

सुती, लोंकरी किंवा नायलॉनच्या गाळण्याच्या कापडांत तर आणखी एक गंमत आहे. मोठ्या गाळणयंत्रांत आरंभीं जो द्रव बाहेर येतो तो बहुधा गढूळ असतो. थोड्या वेळानें कापडावर गाळाचा थर जमतो आणि मग स्वच्छ द्रव येऊं लागतो; कारण त्यापुढें गाळण्याचें खरें काम तो थरच करतो, कापड त्याला केवळ आधार देतें. कारखान्यांत या थराला 'केक' म्हणतात. मराठी घराला ही क्रिया अपरिचित नाहीं. श्रीखंडासाठीं दही फडक्यांत बांधून टांगतात, पाणी निथळून जातें आणि फडक्यांत राहतो तो चक्का. केक आणि चक्का या एकाच जातीच्या वस्तु आहेत. मराठींत रसायनशास्त्र शिकविणाऱ्यानें या शब्दासाठीं कोश उघडण्याचें कारण नाहीं.

आतां गाळण्याच्या कापडाचें सर्वांत मोठें काम: पिण्याचें पाणी. नारू हा रोग एके काळीं महाराष्ट्रासह भारताच्या सात राज्यांत होता. पायऱ्यांच्या विहिरींत नारूचा रोगी उतरला कीं, त्याच्या पायांतील कृमि पाण्यांत अळ्या सोडी. सायक्लॉप्स नांवाचा बारीक जलजीव त्या गिळी. आणि तें पाणी पिणाऱ्याच्या अंगांत वर्षभरानें हातभर लांबीचा नारू तयार होई. यावर औषध नव्हतें, लसहि नव्हती. परंतु सायक्लॉप्स हा डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतका मोठा असल्यानें तो दाट विणीच्या कापडांत अडतो. सुरक्षित पाण्याची सोय, पायविहिरींत न उतरण्याची शिकवण आणि पाणी गाळून पिण्याची संवय यांच्या बळावर हा रोग हटला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त झाल्याचें मान्य केलें. फडक्याच्या छिद्राहून सायक्लॉप्स मोठा होता, या साध्या मापाचा त्या यशांत वांटा आहे.

बांगला देशांतील पटकीविषयींचा अनुभव याहूनहि बोधप्रद आहे. तेथील खेड्यांत स्त्रियांना जुन्या साडीची घडी करून तींतून पाणी गाळण्यास शिकविलें गेलें, आणि पटकीचें प्रमाण सुमारें ४८ टक्क्यांनीं उतरलें, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. साडीचें एकेरी कापड विरळ असतें. परंतु तिच्या चार किंवा अधिक घड्या केल्या म्हणजे तिचें परिणामी छिद्र सुमारें २० मायक्रॉन होतें. नव्या साडीपेक्षां जुनी साडी चांगली ठरली. कारण वारंवार धुऊन सुताचे तंतु सुटे होतात आणि छिद्रें भरून येतात. येथें एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. पटकीचा सुटा जंतु दोन-तीन मायक्रॉनांहून मोठा नसतो आणि तो साडींतून सहज पार होतो. साडी अडविते ते पाण्यांतील सूक्ष्म जलजीव, ज्यांच्या अंगावर ते जंतु मोठ्या संख्येनें बसलेले असतात. म्हणून गाळलेलें पाणी हें उकळलेल्या पाण्याच्या जागीं बसणार नाहीं. मात्र जेथें सरपण मिळण्याची मारामार, तेथें चार घड्यांची जुनी साडी माणसें वांचविते.

या साऱ्या उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. जाळीची संख्या ऐकून थांबूं नये. छिद्र किती, तार किंवा सूत किती जाड, वीण कोणती, आणि मोजणी लांबीच्या इंचांत कीं चौरस इंचांत, हे प्रश्न प्रत्येक खरेदीदारानें विचारावेत. गाळण्याचें कापड असेल तर सांगितलेलें माप अभिवचनाचें कीं अंदाजाचें, हेंहि विचारावें. मराठींत ही परिभाषा लिहितांना 'छिद्र', 'तारजाडी', 'मेशसंख्या', 'मोकळें क्षेत्र' हे चार शब्द वेगळे ठेवले आणि कोणताहि एक दुसऱ्याच्या जागीं वापरला नाहीं, तरी अर्धें काम होईल. जाळीनें काय अडतें आणि काय सुटतें हेंच अखेर महत्त्वाचें. अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं आंकड्यांच्या रानांत पुष्कळ फिरून शेवटीं हीच वाट धरली. आणि रव्याच्या चाळणीला रव्याची चाळण म्हणणाऱ्या स्वयंपाकघराला ती पहिल्यापासूनच ठाऊक होती.